खुब्याचं ऑपरेशन झालं, आता घरी काय करायचं? कोकणातल्या घरांसाठी

मागच्या श्रावणात माझ्या सासूबाई तुळशीला पाणी घालायला म्हणून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरल्या आणि शेवाळावर पाय सरकून पडल्या. वय चौऱ्याहत्तर. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं आणि नीट झालं. सहाव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं, पडवीतल्या खाटेवर निजवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की पुढे काय करायचं हे आम्हांला कोणीच सांगितलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी होती आणि खाली एका ओळीत 'फिजिओथेरपी' एवढंच लिहिलं होतं. नवरा मुंबईला नोकरीत, घरात मी आणि दोन मुलं, जवळचा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी.

पुढच्या चार महिन्यांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं. माणूस पुन्हा चालणार की खाटेला धरून राहणार, हे मात्र पुढच्या तीन महिन्यांत घरात ठरतं. आणि आपलं कोकणातलं घर आजारी माणसासाठी बांधलेलं नाही. उंच उंबरे, सारवलेली जमीन, लांबचा संडास, जेवायला पाट, चिरायला विळी. म्हणून मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी छापलेली माहितीपत्रकं आपल्याला अर्धीच उपयोगी पडतात.

मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. दवाखाना सोडण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी सगळी घाई असते. बिल, गोळ्या, गाडी. त्यामुळे हे प्रश्न आदल्या दिवशी राउंडच्या वेळी विचारा, आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

पहिला प्रश्न: नक्की काय बसवलंय? गावात बोलताना आपण 'बॉल टाकला' किंवा 'रॉड टाकला' म्हणतो, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. खुब्याच्या हाडाची मान मोडली की म्हाताऱ्या माणसात बहुतेक वेळा वरचा गोळा काढून धातूचा बॉल बसवतात. मानेच्या खाली हाड मोडलं तर आतून रॉड आणि स्क्रू घालून ते जोडतात. बॉल बसवलेल्या माणसाचा सांधा पहिले काही आठवडे निसटण्याची भीती असते, म्हणून वाकण्यावर आणि बसण्यावर बंधनं असतात. रॉडवाल्याला ती बंधनं सहसा नसतात, पण पायावर भार किती द्यायचा याचं बंधन असू शकतं. आमच्या वाडीतल्या एका काकींना दोन वर्षांपूर्वी रॉड टाकला होता. त्या रोज येऊन सासूबाईंना आपले नियम सांगायच्या. मनाने सांगायच्या, पण ते नियम आमच्या कामाचे नव्हते, कारण आमच्याकडे बॉल होता.

दुसरा: पायावर भार किती द्यायचा? पूर्ण, अर्धा, की नुसता पंजा टेकवायचा? आणि किती दिवस?

तिसरा: काय अजिबात करायचं नाही? बॉल मागच्या बाजूने चीर देऊन बसवला असेल तर साधारण असं सांगतात: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. म्हणजेच मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावर बसणं, खाली वाकून वस्तू उचलणं, सगळं बंद. ही बंधनं सहसा सहा ते बारा आठवडे असतात. तुमच्या पेशंटला किती दिवस, ते विचारा.

चौथा: रक्त पातळ करणारं औषध किती दिवस चालू ठेवायचं? पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून ते देतात आणि घरी आल्यावरही काही आठवडे चालतं. दुखणं थांबलं म्हणून ते बंद करायचं नसतं.

पाचवा: टाके कधी काढायचे आणि पुढचा एक्स-रे कधी? टाके साधारण बारा ते चौदा दिवसांनी निघतात. ते जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले तर चालतील का, हेही तिथेच विचारा. पावसात दोन तासांचा प्रवास वाचतो.

आणि एक विनंती. वॉकर घेऊन पेशंटला तुमच्या डोळ्यांदेखत उभं करून दाखवायला सांगा, आणि शक्य असेल तर दोन पायऱ्या चढवून-उतरवून बघा. आम्हांला हे कोणी दाखवलं नाही आणि मी आग्रह धरला नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी त्यांना काखेत हात घालून ओढून उठवलं. त्या दुखण्याने इतक्या धास्तावल्या की पुढचे दोन दिवस उठायलाच तयार नव्हत्या.

२. ही कागदपत्रं एका पिशवीत

- डिस्चार्ज कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे (मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा)
- बसवलेल्या बॉलचा किंवा रॉडचा स्टिकर. तो केसपेपरवर चिकटवलेला असतो. पुढे कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर कोणत्या मापाचं काय बसवलंय ते यावरून कळतं
- रक्ताचे रिपोर्ट, बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्यांची यादी
- आधार आणि रेशनकार्ड

रेशनकार्ड शेवटी लिहिलं तरी ते सगळ्यात आधी लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण रुग्णालय योजनेत असायला हवं, आणि अर्ज भरती होतानाच करावा लागतो. बिल भरून झाल्यावर 'योजना होती की' हे कळून उपयोग नाही. योजनेतल्या रुग्णालयात मदतीसाठी योजनेचे 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, आल्या आल्या त्यांना गाठा. योजनेची हेल्पलाइन 155388.

३. पेशंट यायच्या आधी घर तयार करा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. घर आधी तयार झालं तर पुढचे तीन महिने सोपे जातात.

*खाट कुठे?* आपल्याकडे आजारी माणसाला माजघरात, आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची सवय आहे. तसं करू नका. उजेड असलेली, येता-जाता माणसं दिसतील अशी आणि शौचाला जवळ पडेल अशी जागा निवडा. आम्ही पडवीचा कोपरा निवडला आणि पावसाच्या झडीसाठी बाहेरून ताडपत्री बांधली. माणसं दिसत राहिली की म्हातारं माणूस भानावर राहतं.

*खाटेची उंची.* बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहायला हवेत. नवारीची झोळ पडलेली खाट बाद. लाकडी खाट बुटकी असेल तर पायांखाली लाकडाचे ठोकळे घाला, आणि ठोकळ्याला मधे खाच करून घ्या म्हणजे पाय सरकणार नाही. नुसते विटांचे तुकडे ठेवू नका. कापसाची मऊ गादी आत दबते, तिच्यापेक्षा कडक गादी बरी.

*उंबरे.* जुन्या घरात चार-पाच इंचांचे उंबरे असतात आणि वॉकर तिथेच अडतो. सुताराकडून दोन्ही बाजूंना उतरती फळी करून घ्या. हिशोब असा: एक इंच उंचीला एक फूट लांबी. पाच इंच उंबरा असेल तर पाच फूट उतार. आमच्या माजघरात तेवढी जागा नव्हती, म्हणून तो उंबरा आम्ही वापरातूनच काढला. त्या तीन महिन्यांत सासूबाईंचं जग पडवी, ओटी आणि पुढचं खळं एवढंच होतं.

*जमीन.* सारवलेली जमीन ताजी असताना निसरडी असते आणि वाळल्यावर तिला खाचखळगे पडतात. वॉकरचा पाय खळग्यात गेला की माणसाचा तोल जातो. चालण्याच्या वाटेवरचे खळगे भरून घ्या, आणि सारवायचं ते पेशंट दुपारी झोपलेला असताना, उन्हाच्या दिवशी. दारातली गोणपाटं आणि पायपुसणी उचलून टाका. पावसात ती टाकायचा मोह होतो, पण वॉकर सगळ्यात जास्त त्यांच्यातच अडकतो. त्यापेक्षा कोणीतरी कोरड्या फडक्याने वाट पुसत राहा.

*शौचाची सोय.* संडास बाहेर असेल आणि तोही भारतीय पद्धतीचा, तर बॉलवाल्या माणसाने तिथे जाता कामा नये. कमोड खुर्ची खाटेजवळ ठेवा आणि आडोशाला पडदा लावा. पडदा विसरू नका. सासूबाई पहिले दोन दिवस लाजेने पाणीच पीत नव्हत्या, लघवीला जावं लागू नये म्हणून. त्यातून लघवीला जळजळ सुरू झाली. पडदा लावला आणि त्या पाणी प्यायला लागल्या.

*आंघोळ.* न्हाणीतल्या गुळगुळीत दगडावर उभं राहून आंघोळ नाही. उंच, हाताची, पायाला रबर असलेली खुर्ची ठेवा. साबणाचं पाणी लगेच वाहून जाऊ द्या. जखम कोरडी होईपर्यंत अंग पुसून घेणंच बरं.

*रात्र.* पावसात वीज जातेच. बॅटरीवर चालणारा दिवा खाटेपासून कमोडपर्यंत उजेड पडेल असा टांगा, आणि हाताशी घंटी ठेवा. आम्ही देवघरातली जादा घंटी दिली होती.

*खळं आणि पायवाट.* शेवाळ काढल्याशिवाय माणसाला बाहेर नेऊ नका. ब्लीचिंग पावडर टाकून थोड्या वेळाने कडक ब्रशने घासा आणि धुऊन टाका. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं लागतं. चिऱ्यावर शेवाळ फार पटकन धरतं.

४. सामान: काय घ्यायचं, काय उसनं आणायचं

वॉकर, कमोड खुर्ची, हाताची उंच खुर्ची, मागे पट्टा असलेली आणि तळ न घसरणारी चप्पल, दोन जादा उशा, आणि पुढे हातकाठी. एवढंच लागतं. वॉकर आणि कमोड खुर्ची विकत घ्यायची घाई करू नका. बऱ्याच तालुक्यांच्या गावी सामाजिक संस्था, मंडळं किंवा देवस्थानं रुग्णसाहित्य वापरायला देतात, अनामत घेऊन किंवा तशीच. औषधाच्या दुकानात, आशाताईंकडे चौकशी केली की पत्ता लागतो.

वॉकरची उंची नीट लावा. पेशंटने उभं राहून हात सैल सोडले की मनगटावरची घडी जिथे येते, तिथे वॉकरची मूठ यायला हवी. बुटका वॉकर असेल तर माणूस वाकून चालतो आणि पाठ धरते. पायांची रबरं झिजलेली असतील तर आधी बदला. दहा मिनिटांचं काम आहे, पण ओल्या फरशीवर तेवढंच रबर माणसाला सावरतं.

कपड्यांचंही बघा. निऱ्या वॉकरच्या पायात येतात, म्हणून घोट्याच्या वर राहील असा गाऊन किंवा आखूड परकर. घालताना आधी ऑपरेशनचा पाय, काढताना तो शेवटी.

५. पहिले पंधरा दिवस: झोपवून ठेवू नका

आपल्याकडे प्रेम म्हणजे विश्रांती. 'पड गो आई, उठू नकोस' असं येणारा प्रत्येक माणूस सांगतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर हेच नुकसान करतं. पडून राहिलं की पायात गुठळी होते, छातीत कफ साठतो, माकडहाडाला आणि टाचेला जखमा होतात, आणि म्हाताऱ्या माणसाचे स्नायू दिवसागणिक उतरतात. डॉक्टरने भार द्यायची परवानगी दिली असेल तर रोज, दिवसातून अनेकदा उभं करा.

उठवण्याची रीत अशी. पेशंटला ऑपरेशनच्या बाजूने खाटेच्या कडेला आणा. पाय सरळ ठेवून, दोन्ही हातांवर रेलून बसतं करा. दोन मिनिटं तसंच बसू द्या, कारण पडून उठल्यावर बीपी उतरून चक्कर येते. मग ऑपरेशनचा पाय जरा पुढे, चांगला पाय खाली घट्ट, आणि हातांनी खाट रेटत उभं राहायचं. वॉकर ओढत उठायचं नाही, तो उलटतो. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहा. कमरेला जुनी सुती साडी किंवा पंचा घट्ट गुंडाळा आणि आधार द्यायचा तो तिथे धरून. हाताला किंवा काखेत धरून ओढू नका.

चालताना क्रम पाठ करा: वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. वळताना टाचेवर गर्रकन फिरायचं नाही, लहान लहान पावलं टाकत वळायचं.

पायरीसाठी: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. हे आमच्या पडवीच्या खांबावर मुलाने खडूने लिहून ठेवलं होतं.

झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. कुशीवर वळवतानाही ती तिथेच. रात्री दर दोन तासांनी थोडं वळवा आणि टाचा गादीवर घासत नाहीत ना ते बघा.

एक गोष्ट वेगळी सांगते, कारण तिने मी फार घाबरले होते. तिसऱ्या रात्री सासूबाई भलतंच बोलायला लागल्या. वारलेल्या सासऱ्यांना हाका मारत होत्या, मला ओळखत नव्हत्या. शेजारी म्हणाले, बाहेरचं काही लागलंय, गाऱ्हाणं घाला. तुमची श्रद्धा असेल तर गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा गोंधळ होतो आणि त्याला कारणं असतात: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, तुंबलेलं पोट, दुखण्याची कडक गोळी, कमी झोप. सासूबाईंना लघवीचा संसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत डोकं ठिकाणावर आलं. तोवर चष्मा डोळ्यांवर, कानाचं मशीन कानात आणि एक ओळखीचं माणूस शेजारी, एवढं सांभाळा.

६. फिजिओथेरपिस्ट शोधणं

सिंधुदुर्गात असाल तर ओरोसच्या आणि रत्नागिरीकडे असाल तर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. चिपळूण-सावर्डे पट्ट्यातल्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडतं. सावंतवाडी-दोडामार्गकडची बरीच माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जातात. पाठीचा कणा दुखावणं, पाय कापावा लागणं, पक्षाघात असं गुंतागुंतीचं असेल तर मुंबईला हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे डॉक्टर, फिजिओ, कृत्रिम अवयव हे एकाच आवारात मिळतं. आंबे-नारळ काढताना झाडावरून पडलेल्यांच्या घरच्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

खाजगी फिजिओ बोलावत असाल तर पदवी आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी विचारा. विचारण्यात अपमान नाही. चांगला फिजिओ स्वतःच सांगतो. मसाज करून जाणारा, मशीनचे चिमटे लावून वीस मिनिटं मोबाइल बघणारा माणूस खुब्यासाठी नको. पेशंटला उभं करणारा, चालवणारा, जिन्यावर नेणारा हवा.

रोज बोलावणं परवडत नाही आणि लांबच्या वाडीत कोणी रोज येतही नाही. आम्ही असं केलं: आठवड्यातून एकदा फिजिओ घरी. त्या दिवशी ते नवे व्यायाम दाखवायचे, मी मोबाइलवर चित्रण करायचे, आणि बाकी सहा दिवस आम्ही घरी करायचो. मधे शंका आली तर चालण्याचं चित्रण त्यांना पाठवायचं. येणं आठवड्यातून एकदाच असेल, पण व्यायाम रोज, हे आधीच ठरवून सांगा. बहुतेकजण समजून घेतात.

७. रोजचे व्यायाम

आमचं वेळापत्रक तीन वेळचं होतं: सकाळी पेजेनंतर, दुपारी चार वाजता, संध्याकाळी दिवेलागणीआधी. दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारून व्यायामाच्या अर्धा तास आधी द्यायची.

खाटेवर: पावलं वर-खाली हलवणं (हे तासातासाला, टीव्ही बघतानाही), गुडघा गादीवर दाबून मांडी ताठ करणं, पाच मोजेपर्यंत, टाच गादीवरून घसरत जवळ आणणं, पण सांगितलेल्या मर्यादेतच, पाय बाजूला नेणं.

उभं राहून, खिडकीचे गज किंवा जड टेबल धरून: पाय बाजूला, पाय मागे, टाचा उचलणं. प्रत्येकी दहा वेळा.

आणि सगळ्यांत मोलाचा: खुर्चीवरून उठणं-बसणं. दोन-तीनने सुरुवात, हळूहळू दहापर्यंत. संडासला जाणं, जेवायला बसणं, एसटीत बसणं, सगळं यातूनच येतं.

चालणं एकदम लांब नको. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. आम्ही कॅलेंडरवर फेऱ्या लिहायचो. पहिल्या दिवशी पडवीच्या अर्ध्या फेरीवर त्या रडल्या, 'माका काय्येक जमाचा नाय गो' म्हणाल्या. मी त्यांची समजूत नाही घातली. बसले शेजारी, हात धरला, आणि तासाने पुन्हा उठवलं. एकविसाव्या दिवशी कॅलेंडरवर बारा फेऱ्या होत्या.

व्यायामानंतर थोडं दुखणार आणि तासा-दोन तासांत निवळणार. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिलं तर प्रमाण कमी करा. व्यायाम बंद करू नका.

८. हे मात्र करू नका

हाडवैदाकडे नेऊ नका. आत धातू आहे. ओढून-ताणून बसवायला गेलं तर बॉल निसटतो किंवा रॉडजवळ हाड पुन्हा मोडतं.

पोटरी चोळू नका. तेल लावून पाय चोळणं ही आपली सेवा करायची पद्धत आहे, पण या दिवसांत पोटरीच्या शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. चोळायचेच तर तळहात चोळा, डोक्याला तेल लावा.

जखमेवर हळद, पाला, कोणाचाही लेप नको.

रक्त पातळ करणारं औषध चालू असताना दुकानातली दुखण्याची पुडी परस्पर देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो.

रिक्षाची सीट बुटकी असते. बॉलवाल्याला मोठ्या गाडीत पुढच्या सीटवर न्या. सीट पूर्ण मागे सरकवा, खाली कडक उशी, आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत.

आणि ही लक्षणं दिसली तर वाट न बघता 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा: एकाएकी दम लागणं किंवा छातीत दुखणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, एकदम जोराची कळ येऊन पाय आखूड दिसणं किंवा वळलेला दिसणं. ताप येऊन जखमेतून पाणी किंवा पू येत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

९. खाणं, आणि हाड मुळात का मोडलं

नुसत्या पेजेवर ठेवू नका. पेज हलकी खरी, पण स्नायू भरायला प्रथिनं लागतात. पेजेबरोबर अंडं द्या, कुळथाची पिठी द्या, मासे द्या, मूग-चवळी द्या. नाचणी आपल्याकडे पिकते आणि तिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अंबील, भाकरी, सत्त्व, जे रुचेल ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरला विचारून. दुखण्याच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी पोट तुंबतं, म्हणून पाणी, भाज्या, पिकलं केळं हे पहिल्या दिवसापासून.

उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला तर हाडं ठिसूळ झालेली असतात. मोडलेलं हाड जोडून झालं की ही गोष्ट सगळे विसरतात, आम्हीही विसरलो होतो. सहा आठवड्यांच्या तपासणीला आम्ही विचारलं तेव्हा ड जीवनसत्त्व तपासलं गेलं आणि हाडं बळकट करायचं औषध सुरू झालं. तुम्ही स्वतःहून विचारा. त्याच फेरीत डोळेही तपासून घ्या. मोतीबिंदू असलेल्या माणसाला शेवाळ दिसत नाही.

१०. घराबाहेर पडणं

सहा आठवड्यांच्या एक्स-रेनंतर परवानगी मिळाली की वॉकरवरून काठीवर यायचं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जवळजवळ सगळे उलट धरतात. आधी खळं, मग पायवाट, मग पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. पाखाडीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून पहिले काही दिवस कोणीतरी सोबत हवंच. उतरताना सोबत्याने एक पायरी खाली राहायचं.

एसटीची पहिली पायरी उंच असते. जाण्याआधी घरी जोत्यावर सराव करा. 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा.

तीन-चार महिन्यांत बरेचजण गावात फिरण्याइतके होतात, सुधारणा वर्षभर चालू राहते. सगळेच पूर्वीसारखे चालत नाहीत, काहींची काठी कायम राहते. कायमचं अपंगत्व राहिलं तर उपचार पूर्ण झाल्यावर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) काढा. बहुतेक सवलती 40 टक्के अपंगत्वापासून सुरू होतात.

सासूबाई आता काठी घेऊन तुळशीपर्यंत जातात. वृंदावनाशेजारी आम्ही लोखंडी कठडा बसवून घेतला आहे, आणि जमिनीवर बसणं सोडलंय ते सोडलंच. भाजी त्या टेबलावर सुरीने चिरतात.

उसना आणलेला वॉकर आम्ही दिवाळीनंतर परत केला. परत करताना तो साबणाने धुवा आणि चारही पायांना नवी रबरं घाला. पुढच्या घरी तो बहुतेक वेळा त्याच दिवशी, घाईघाईत जातो आणि रबरं तपासायला तिथे कोणाला सवड नसते.